शेलापागोट्यांची पेटी

देवमन शिपायानं पेटी आणून टेबलावर उपडी केली. तो गेल्यावर चारुशीलानं मुलींच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. स्नेहसंमेलनातली शेलापागोटी दुपारी तीनला होती. कोणी कोणावर काय टोमणे लिहिलेत ते भर सभागृहात वाचायचं आणि ज्याच्यावर लिहिलं असेल त्यानं मुकाट हसायचं, अशी रीत. यंदा वाचायचं काम तिच्याकडे होतं. त्यासाठी तिनं प्राचार्यांच्या खोलीत तीन खेटे घातले होते.

मागच्या वर्षी तिच्यावर एकच चिठ्ठी निघाली. 'आरसा देणे आहे. मालकीण चारुशीला. एकदाही वापरलेला नाही.' लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, त्यांचे वण तिच्या तोंडभर होते. सभागृह खो खो हसलं. तीही हसली. मग वर्षभर सायकलींच्या स्टँडवरून 'आरसा, आरसा' ऐकत राहिली. ती चिठ्ठी तिनं व्यासपीठाखालून उचलून आणली होती आणि जपून ठेवली होती. जांभळी शाई, लांबलचक वेलांट्या. लिहिणारा कोण, ते कळत नव्हतं.

ते आठवड्यापूर्वी कळलं. व्हरांड्यातल्या काचेच्या फलकावर सूचना लागली: नाटक कधी, जेवण कधी, चिठ्ठ्या पेटीत कधीपर्यंत टाकायच्या. खाली सही, बंडू, चिटणीस. जांभळी शाई, लांबलचक वेलांट्या. चारुशीला त्या फलकासमोर इतका वेळ उभी राहिली, की तास बुडाला.

तिचा बेत साधा होता. बंडूवरच्या सगळ्या चिठ्ठ्या फाडून टाकायच्या. ज्याच्यावर एकही चिठ्ठी नाही, त्याला संमेलनात कोणी खिजगणतीत धरत नाही. बसू दे मेल्याला पहिल्या रांगेत वाट बघत.

तिनं चिठ्ठ्या नावांप्रमाणे लावल्या. बंडूवर पाच निघाल्या. 'पोरींनो, रांगेत या.' 'अमरावतीचा राजकुमार.' अशाच सगळ्या. आणि पाचही जांभळ्या शाईत, लांबलचक वेलांट्यांच्या. वाचणारा वाचून फेकून देतो, अक्षर कोण बघतंय, असं त्याला वाटलं असणार. तिनं पेटी झटकून पाहिली. आणखी काही पडलं नाही. वर्षभरात पहिल्यांदा चारुशीला मनापासून हसली. चिठ्ठ्या तिनं फाडल्या नाहीत.

सभागृहात तिनं त्या पाचही वाचल्या, चांगल्या ठासून. दर चिठ्ठीला बंडू उठून मुजरा करत होता. त्याची आई केशरबाई शेंदूरजनाघाटाहून संत्र्यांची टोपली घेऊन मुद्दाम आली होती. ती शेजारच्या बाईला बोटं दाखवून सांगत होती, "पाच आल्या वं माह्या बंडूवर! पाच!"

"या पाच चिठ्ठ्या फलकावर लावतेय," चारुशीला म्हणाली. "चिटणिसांच्या सूचनेशेजारीच. अक्षर बघण्यासारखं आहे."

देवमननं जाऊन त्या लावल्या. आधी कोणाला काही उमगलं नाही. मग दोघं गेले, मग दहा गेले, मग अर्धं सभागृह व्हरांड्यात लोटलं. तिथून जो हशा उठला तो शेलापागोट्यांचा नव्हता. केशरबाई गर्दीत शिरून विचारत होती, "काय लिवलं हाय रे बावा?"

देवमननं तिच्याकडे पाहिलं. "काई नाई, माय. तुमच्या पोराचं अक्षर लय सुंदर हाये."

बंडू जागचा हलला नव्हता. चारुशीलानं त्याच्याकडे पोटभर पाहून घेतलं आणि मग ती सावकाश व्यासपीठावरून उतरली. जिवाला असा गारवा तिला कधी मिळाला नव्हता.

खोलीत येऊन तिनं पेटी आवरायला घेतली. आतून चिकटवलेला कागद एका कोपऱ्यात सुटला होता. त्याच्या मागे एक चिठ्ठी अडकली होती. पेन्सिलीनं लिहिलेली, अक्षर गिचमिड. 'बंड्या, मले टायफॉइड झाला तवा तू महिनाभर डबा आणून भरवला. तू कोणाले सांगितलं नाही, म्हणून मी सांगून राहिलो. होस्टेलचा श्रावण.'

दारात पाऊल वाजलं. बंडू होता. चारुशीलानं चिठ्ठी मुठीत घेतली.

भांडायला आला असेल तर बरंच आहे, असं तिला वाटलं. तोंडाशी आलेलं सगळं बोलायला ती तयार होती. पण तो दाराला धरून उभा राहिला.

"त्या पाच सोडून," तो म्हणाला, "माह्यावर कोणीच नाही लिहिलं?"

"नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही," चारुशीला म्हणाली. प्रत्येक अक्षर तिनं वेगळं उच्चारलं.

त्यानं मान हलवली. जायला वळला आणि पुन्हा थांबला.

"मागच्या साली पेटी मीच उघडली होती. समद्या पोरींवर होत्या, तुमच्यावर एकही नव्हती. तुमाले वाईट वाटन म्हणून लिहिली मी."

एवढं बोलून तो आईला शोधायला गेला. चारुशीला दारापर्यंत गेली. व्हरांड्याच्या टोकापर्यंत तो दिसत होता, हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

तिनं मूठ उघडली नाही.