पुढच्या चाकाचा नट

पान्यानं ‘टक्’ केलं तेव्हा कुठे श्यामनं रोखून धरलेला श्वास सोडला. मग मागचं चाक, मग हँडलखालचे बोल्ट, मग पुन्हा एकदा पुढचं चाक. टॉर्कचा पाना मोठी गुणी वस्तू. किती जोर लावायचा ते आधी दांड्यावर लावून ठेवायचं. तेवढा जोर पडला की पाना स्वतःच सांगतो, झालं, आता थांब. माणसाच्या आठवणीवर काही सोपवावं लागत नाही.

सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये जूनपासून रोज सकाळी हा सोहळा चालला होता. तळमजल्यावरचे रावसाहेब खुर्ची टाकून पेपर वाचायला बसत आणि फुकटची करमणूक म्हणून हेही बघत. श्यामराव, एवढं आवळलंत तर गाडी जागची हलायची नाही, असं ते एकदा म्हणाले होते. श्यामनं मनावर घेतलं नाही. रावसाहेब कुणाशी सरळ बोलल्याचं इमारतीत कुणाला आठवत नव्हतं.

लोकांना वाटे, दोन वर्षांपूर्वी मुलगा मोटारसायकलवरून पडून गेला, तेव्हापासून बाप धास्तावलाय. ते खरं होतं, पण अर्धंच. ऋषीच्या गाडीचं पंक्चर काढून आणलेलं पुढचं चाक श्यामनंच इथे, याच जागी बसवलं होतं. नट हातानं फिरवून ठेवला तोच जेवायला बोलवायला लेक खाली आली; जेवून आल्यावर पान्यानं आवळू, असं तिला म्हणाला, आणि विसरला. दुसऱ्या दिवशी ऋषी गेला तो आळंदी रस्त्यावर चाक निखळून पडला. तिथे खड्डा होता. सगळ्यांनी त्या खड्ड्याला शिव्या घातल्या, गाडी भंगारात गेली आणि श्याम गप्प बसला. आजतागायत त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. धाकट्या अपेक्षाला तर हे कधीच कळू नये, एवढंच तो देवाकडे मागायचा. बायको आधीच गेलेली, आता घरात दोघंच. बोटं मात्र विसरायला तयार नव्हती. पोळीचा घास मोडताना, शर्टाचं बटण लावताना मध्येच त्यांना तो सैल, हलका फिरणारा नट जाणवे, आणि श्याम हातातलं सोडून मोरीवर हात धुवायला जाई.

जूनमध्ये अपेक्षाला विश्रांतवाडीला नोकरी लागली. श्यामनं आपणहून आपली जुनी मोटारसायकल तिला देऊ केली. बसनं फार वेळ जाईल, असं तो म्हणाला खरा, पण मनात वेगळंच होतं. ज्या हातानं एक लेकरू घालवलं, त्याच हातानं दुसरं रोज सुखरूप पोचवायचं आणि सुखरूप परत आणायचं. एवढं जमलं तर आपल्याला थोडी तरी माफी मिळेल, असं त्याला वाटत होतं. अपेक्षानं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि किल्ली घेतली.

तिला गाडीवरून जाताना बघणं मात्र त्याला झेपत नसे. म्हणून नट आवळून झाले की तो तिच्याआधीच कसबा पेठेतल्या दुकानाकडे चालत निघे. संध्याकाळी परत येई तेव्हा गाडी जागेवर असे, हेल्मेट खुंटीला असे आणि अपेक्षा स्वयंपाकघरात. ते हेल्मेट दिसलं की त्याला जेवण गोड लागे. रात्री झोपही लागू लागली. चार महिन्यांत एकही नट जरासुद्धा सैल सापडला नव्हता, याचा त्याला मनातून अभिमान होता.

दसऱ्याला त्यानं गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, पान्यालाही हळदकुंकू वाहिलं आणि पुढच्या टायरवर ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो दुकानातून आला, तर स्वस्तिक तसंच होतं. एक रेघ पुसलेली नव्हती. विश्रांतवाडीला जाऊन आलेल्या चाकावर कुंकू राहीलच कसं? तो वाकून बघत राहिला. मग चार महिन्यांत पहिल्यांदा त्यानं किलोमीटरचा आकडा पाहिला. किल्ली दिली त्या दिवशी होता तोच होता.

वर अपेक्षा कणीक मळत होती. गाडी का नेत नाहीस, एवढंच त्यानं विचारलं. तिनं खोटं सांगितलं नाही. तुम्ही जूनपासून दोन घास जास्त जेवायला लागलात, झोपायला लागलात, ते माझ्याच्यानं मोडवेना, असं ती खाली बघत म्हणाली. श्यामला उलट हायसं वाटलं. पोरगी घाबरते आहे, दुसरं काय. भावाचं तसं झाल्यावर कुणाला धीर होईल? विकून टाकू ती गाडी, तो म्हणाला.

“गाडीची भीती नाही वाटत मला,” अपेक्षा म्हणाली. “कोपऱ्यावर माझ्या ऑफिसातली वैष्णवी येते ना, तिची गाडी विश्रांतवाडीपर्यंत रोज मीच चालवते.”

श्यामला काही उमजेना. वैष्णवीची ती खडखडणारी गाडी त्यानं पाहिली होती. तिला महिनोन् महिने कुणी हात लावत नसणार, हे लांबूनसुद्धा कळत होतं. आता त्याला थोडा रागच आला.

“अगं, त्या खटाऱ्यावर बसतेस? आणि आपल्या गाडीचा एकेक नट मी रोज माझ्या हातानं आवळतो, तिच्यावर नाही?”

अपेक्षाचे हात परातीत थांबले. तिनं वर पाहिलं. लहान मुलाची समजूत घालावी तशा आवाजात ती म्हणाली, “म्हणूनच, बाबा.”