केंटची लढाई

आमच्या केंटमध्ये जुन्या लष्करी गाड्यांच्या जत्रेत दर वर्षी महायुद्धाची लुटुपुटूची लढाई होते. बॅरीने गंज खरवडून उभा केलेला ट्रक जर्मन, त्याच्या शेजाऱ्याचा, नेव्हिलचा, छोटा रणगाडा ब्रिटिश. त्यामुळे शेवटी बॅरीने नेव्हिलपुढे हात वर करायचे, आणि नेव्हिलने ते वर्षभर पबमध्ये करून दाखवायचं.

"यंदा एकदा मला जिंकू दे," बॅरी म्हणाला.

"इतिहास वाच, लेका. आणि शरण येताना जरा रडवेला दिस."

ऐन लढाईत नेव्हिलचा रणगाडा चिखलात बंद पडला. तो ओढून काढेल अशी दमदार गाडी मैदानात एकच होती. बॅरी दोर घेऊन सावकाश उतरला.

"बांध ना लवकर! अख्खं गाव बघतंय."

"आधी हात वर."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मला घाई नाही," म्हणत बॅरीने बॉनेटवर बसून सँडविचचा कागद सोडला.

बराच वेळ शिव्या देऊन झाल्यावर नेव्हिलने हात वर केले.

लाउडस्पीकरवर निवेदक खाकरला. "मंडळी, इंग्लंड हरलं आहे. चहा नेहमीच्याच तंबूत मिळेल."