कॉलेजची टोपी

टेक्ससच्या त्या गावात शाळेतला कोणी पोरगा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात निवडला गेला, की शाळेच्या जिममध्ये सगळ्या गावासमोर त्या कॉलेजची टोपी डोक्यावर चढवायची रीत होती. आपल्या कोल्बीचा तो दिवस यावा म्हणून रॉइस रोज कामावरून आल्यावर त्याच्या खेळाचा व्हिडिओ जोडत बसायचे. कोल्बी अडखळला की तिथेच कात्री. कोल्बीने चेंडू झेलला की तोच झेल तीन बाजूंनी.

"बाबा, हा मी वाटतच नाही," कोल्बी म्हणायचा.

"कॉलेजात खेळवणार नाहीत लगेच, पहिलं वर्ष बाकावर बसवतील," रॉइस मान वर न करता म्हणायचे. "मनाला लावून घ्यायचं नाही."

व्हिडिओ पाहून एका कॉलेजचे कोच खरंच आले. त्यांनी कोल्बीला पळवून पाहिलं, हातातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि घड्याळ बिघडलं असेल म्हणून पुन्हा पळवलं. मग ते रॉइसशेजारी येऊन बसले.

"मुलगा गुणी आहे हो तुमचा," ते म्हणाले. रॉइसना काय ते कळलं.

"पण तो व्हिडिओ कोणी केला? आमच्याकडे त्या कामाला माणूस हवाय."

जिम आधीच सांगून ठेवली होती, केकही आला होता.


कोल्बीने सगळ्या गावासमोर टोपी उचलली, बापाच्या डोक्यावर नीट बसवली आणि हळूच म्हणाला, "पहिलं वर्ष बाकावर बसवतील, बाबा. मनाला लावून घ्यायचं नाही."