शेजारचा खांदा

बायको गेल्यापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. "दादा, एकदा चर्चला चल तर," असा बहिणीने धोशाच लावला, म्हणून तो आला. पण आला तो नाक मुरडतच. लाउडस्पीकर दुरुस्त करण्यात त्याची हयात गेलेली. आत शिरताच घरघर ऐकू आली. "थेट देवाशी बोलायच्या गप्पा, आणि इथे वायर ढिली," तो बहिणीच्या कानात फिस्कारला. मग पाद्रीबाबा प्रवचनाला उभे राहिले. "घ्या, आता हे दळण दळत बसणार," एवढं मनाशी म्हटल्याचं त्याला आठवत होतं.

डोळे उघडले तेव्हा सगळे उभे राहून गात होते. शेजारच्या म्हाताऱ्या बाई तेवढ्या खुशाल बसलेल्या. भक्तीचं ढोंग रंगेहाथ पकडल्याचा त्याला कोण आनंद झाला!

"काय मावशी, देवासाठी एवढंही उठवत नाही वाटतं?"

"नाही ना. आज एकाही गाण्याला उठले नाही," खांदा चोळत त्या म्हणाल्या. "उठले असते तर तुम्ही पडला असतात. झाली ना झोप? मग उठते आता."