नऊ दिवसांचं रिचार्ज

पायवाट संपली तशी पद्माबाईनं चपला काढून कमरेला खोचल्या. इथून माथ्यापर्यंत हातापायांनीच चढायचं होतं. तिच्या ओटीत दोन फोन होते, एक तिचा आणि एक जळबाचा, तिच्या नवऱ्याचा. जळबाला जाऊन एकोणीस दिवस झाले होते.

"हळू चढ की माय," मागून गोजरबाई धापा टाकत म्हणाली. "माझे गुडघे काय सरकारनं दिले व्हय?"

एरवी पद्माबाईनं हिला सोडलं नसतं, चार शब्द उलट सुनावले असते. वीस वर्षं दोघी एकाच टोळीत खुरपायला जायच्या आणि दोघींच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही म्हणून मुकादम त्यांना वेगवेगळ्या सऱ्या द्यायचा. आज ती नुसती थांबली. मुरूम पायाखालून सुटत होता, वाळलेलं कुसळ पोटरीला टोचत होतं. तिला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

गावात रेंज नाही. ज्याला फोन लावायचा तो डोंगर चढतो. माथ्यावरच्या सपाट धोंड्याला पोरांनी 'टावर' नाव ठेवलंय. देवाच्या नावानं कोणी चढलं नसेल एवढं हे गाव ओटीपीच्या नावानं हा डोंगर चढलंय.

दुपारच्या जीपबरोबर सेनगावच्या योगेशचा निरोप आला होता. तो कॉम्प्युटरवर लोकांचे फॉर्म भरून द्यायचा. बायकांना दर महिन्याला पैसे देणाऱ्या सरकारी योजनेचा फॉर्म भरायचा आज शेवटचा दिवस, आठवडाभर बंद पडलेली साइट आत्ता चालू झालीय, तीन वाजता टावरवर थांबा. एक ओटीपी बाईच्या फोनवर येतो, दुसरा नवऱ्याच्या. दोन्ही नाही मिळाले तर बाईचं नाव कटणार.

माथ्यावर वारा होता. गोजरबाई धोंड्याला टेकून खाली बसली आणि मैत्रिणीच्या तोंडाकडं बघत राहिली.

"एकदा रडून तर घे गं," ती म्हणाली. "मला भ्या वाटून राहिलं तुझं."

"येत न्हाई," पद्माबाई म्हणाली.

याच धोंड्यावर ती वीस दिवसांपूर्वी उभी होती. जळबा वसमतकडं हळद शिजवायला गेला होता आणि दोन दिवस त्याचा फोन बंद लागत होता. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं बोलून मेसेज धाडले, सात. जेवला का, परत कधी येता, दवाखान्याची चिठ्ठी तुमच्या खिशातच ऱ्हायली का. पुतणीनं तिला शिकवलं होतं, मेसेजखाली एक खूण म्हणजे निघाला, दोन म्हणजे पोचला, दोन्ही निळ्या झाल्या म्हणजे त्यानं ऐकला. सातही मेसेजला एकच खूण होती. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून जळबाचं मयत आलं, आणि त्याच्या पिशवीत बॅटरी उतरलेला फोन. तो तिनं त्याच संध्याकाळी चार्जिंगला लावला. तेव्हापासून रोज लावत होती. काहून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तीनला योगेशचा फोन आला. पद्माबाईनं तो स्पीकरवर टाकला.

"काकू, काकांच्या नंबरला रिचार्ज हाय ना?"

"नऊ दिवस हाय आजून. वसमतला जायाच्या आधी छप्पन दिवसाचं मारलं व्हतं त्यायनं."

"मग काका हयात हायेत असंच टाकून राहिलो. मृत्यूच्या दाखल्याला लई टाइम लागंल, आज तारीख जाईल. चालंल ना?"

गोजरबाईनं पदर तोंडाला लावला.

"टाक," पद्माबाई म्हणाली.

पहिला ओटीपी तिच्या फोनवर आला. तिनं एक एक आकडा वाचला. मग तिनं जळबाचा फोन हात उंच करून धरला. बराच वेळ काही झालं नाही. मग तोही आला, तिनं तोही वाचला. बाजारात भाव सांगावा तसा तिचा आवाज सरळ होता.

"झालं काकू. बराबर गेला फॉर्म," योगेश म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

तेवढ्यात जळबाचा फोन वाजला. टुंग. परत टुंग. गोजरबाई दचकून उठून उभी राहिली.

"कोणाचं गं?"

पद्माबाई मोजत होती. सात. तिनं आपला फोन उघडला. सातही मेसेजखाली आता दोन दोन खुणा झाल्या होत्या.

"माझेच हायत," ती म्हणाली. "पोचले."

गोजरबाई जवळ आली. जळबाच्या फोनवर एकाखाली एक सगळे दिसत होते. तिनं बोट पुढं केलं.

"आयकू तरी. त्या दिवशी काय म्हनली व्हती तू त्यायला?"

पद्माबाईनं तिचं मनगट धरलं, इतकं घट्ट की हातातल्या बांगड्या रुतल्या.

"दाबू नको. निळं हुईल."

"हुईना का. काय बिघडतं?"

"निळं झालं म्हंजी त्यायनं ऐकलं." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "त्यायनं कुठं ऐकलं, गोजरे?"