चाळणीबाई

“या, चाळणीबाई, बसा,” म्हणत सरांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. तिच्या कपाळावर आठी चढली. विभागप्रमुख असलेल्या या माणसाने वर्षभर तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ती मागच्या खोलीतून तशीच उठून आली होती, बोटांना काळ्या चिकटपट्टीचे तुकडे लागलेले.

वर्षभर तिला तेच काम दिलं होतं. न्यूट्रॉन टिपणाऱ्या भिंतीतले प्लॅस्टिकचे लांब दांडे काळ्या पट्टीत गुंडाळायचे, बाहेरचा उजेड आत शिरू नये म्हणून. तंत्रज्ञकाका चिडवायचे, “चाळणी केलीस तू, आणि गळालीसही तूच.” ती हसायची नाही. पट्टी दातांनी तोडायची.

सरांशी झालेलं भांडण साधं होतं. न्यूट्रॉन नको तितके झालेलं एक अणुकेंद्रक, जन्मतःच फुटणारं. ते कुणाला दिसत नाही. उडालेले तुकडे टिपायचे आणि त्यांवरून ते कसं होतं ते सांगायचं. सरांच्या भिंतीवर एकाच वेळी दोन न्यूट्रॉन आदळताना दिसले, आलेखावर उंचवटा आला. एकदम दोन न्यूट्रॉन सोडणारी, कुणी कधी न पाहिलेली फूट! सरांचे पाय जमिनीवर ठरेनात. पण एकच न्यूट्रॉन एका दांड्याला धडकून शेजारच्यावर उडाला, तरी दोनच दिसतात. असे खोटे दोन वगळणारी चाळणी तिने संगणकावर लिहिली. ती लावली की उंचवटा सपाट.

“चाळणी काढ,” सर गरजले होते.

“नाही काढणार.”

“मग तुझं नाव काढतो.”

दोन्ही काढलं. शोधनिबंध छापून आला, सरांचे सत्कार झाले. तिचा पीएचडीचा प्रबंध त्यांच्या सहीवाचून कपाटात पडून राहिला. आईने फोनवर विचारायचं, “झालं का गं तुझं?” आणि तिने बिचारीवरच खेकसायचं.

आज मात्र सरांचा आवाज साखरेत घोळलेला होता. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने फक्त एकच न्यूट्रॉन सोडू शकणारं केंद्रक घेऊन तसाच प्रयोग केला होता. तिथेही तोच उंचवटा आला, म्हणजे तो खोट्या दोनांचाच होता. तिने नुसती मान हलवली.

“तुझंच खरं ठरलं, बाळ. दुरुस्ती छापायची आहे. त्यात तुझं नाव घालतोय. अन्यायच झाला तुझ्यावर. सही कर, प्रबंधही याच महिन्यात मार्गी लावतो.”

वर्षभराचा राग कुठल्या कुठे गेला. आपणच जरा अति केलं की काय, असं वाटून तिला लाजही वाटली. आधी आईला फोन करायचा, असं ठरवून तिने पेन उचललं आणि कागदावर नजर टाकली. न्यूट्रॉन मोजण्यात ढोबळ चूक झाली, असं तिथे लिहिलं होतं. चूक करणारी म्हणून तिचं नाव होतं. शोधाच्या वेळी नसलेलं नाव.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “हे काय, सर?”

“अगं, विद्यार्थ्यांची चूक लोक पोटात घालतात. माझी नाही घालणार. आणि प्रबंध हवाय ना तुला?”

करून सवरून नामानिराळं राहायचं, ते असं. तिने पेनाला टोपण लावलं, इतकं शांतपणे की सरांना वाटलं, सही झाली.

“एकच चूक आहे, सर. तुम्हाला धडकली आणि तुम्ही ती माझ्यावर उडवताय,” ती म्हणाली. “पण त्या प्रयोगशाळेतले लोक नाही फसायचे. तो प्रयोग करून बघा, असं त्यांना मीच सांगितलं होतं. चाळणी कुणी काढली, तेही.”