मॉरीनआजींचा निळा डबा

जिन्यातली काठीची ठकठक दाराशी येऊन थांबली, की शलाका श्वास रोखून आत उभी राहायची. मॉरीनआजींचा निळा डबा दोन आठवडे ओट्यावर घासूनपुसून नुसता पडला होता.

ग्लासगोत आल्यापासून तिच्याशी आपणहून बोललेलं एकच माणूस म्हणजे या वरच्या मजल्यावरच्या आजी. ती तापानं फणफणली तेव्हा त्यांनीच या डब्यातून सूप आणून दिलं होतं. पण कुणाचा डबा रिकामा परत कसा करायचा? लातूरला आई निदान दोन लाडू तरी घालायचीच! इथे कॅफेतलं काम सुटलेलं, होते-नव्हते ते पैसे भाड्यात गेलेले, आणि रोज आपला मीठ-भात. मग लपलेलंच बरं, असं तिनं ठरवून टाकलं. तेव्हापासून खोली अगदी खायला उठली होती.

शनिवारी काठी थेट दारावरच वाजली.

"पोरी, सूप आवडलं नाही का गं? मला टाळतेस ना?"

शलाका ओट्याकडे धावली. तिनं बरणी खरवडून उरलीसुरली साखर डब्यात ओतली आणि दार उघडलं.

आजी डब्यात बघतच राहिल्या. "हे काय?"

"आमच्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत, आजी. आणि माझ्याकडे दुसरं काही नव्हतं."

आजींनी झाकण हळूच लावलं.

"साखर माझ्याकडेही आहे गं. चहाला सोबत नाही, म्हणून तर रोज तुझ्या दाराशी थांबत होते."